एका गोलाची राखण

फुटबॉलच्या खेळात गोल चढविणाऱ्याचे कौतुक सर्वत्र होते, आणि ते व्हावयासही पाहिजे. कोणत्याही शाळेच्या वार्षिक अंकातील संघाचे छायाचित्र पाहावे. पुढल्या रांगेत चेंडू पायांशी घेऊन जो बसलेला असतो त्याने त्या साली गोल केलेले असतात. आणि मागल्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआडून ज्याचे अर्धेच तोंड दिसते, तो बहुधा फुलबॅक असतो. आम्ही शाळेत असताना चार वर्षे डाव्या बाजूचे फुलबॅक होतो. जुन्या अंकांतून आमची अशी तीन अर्धी तोंडे आहेत. चौथ्या वर्षी छायाचित्राच्या दिवशी आम्ही तापाने आजारी होतो. हे आम्ही गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. आम्ही कोणत्या जागेवरून बोलत आहोत हे वाचकांस आरंभीच कळावे, एवढाच हेतू.

गोल कसा करावा हे शिकविणारे पुष्कळ भेटतात. परंतु केलेला गोल राखावा कसा, आणि तोही एकच असता, याविषयी मुलांना ‘मागे या’ या दोन शब्दांपलीकडे सहसा कोणी काही सांगत नाही. उत्तरार्ध निम्मा सरला आणि आपला संघ एका गोलाने पुढे असला, की मैदानाच्या कडेने हाच घोष सुरू होतो. पालक ओरडतात, माजी विद्यार्थी ओरडतात, ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही असे सज्जनही छत्री हलवून ओरडतात. या दोन शब्दांविषयीच आम्हास थोडे बोलावयाचे आहे. कारण आमच्या मते पुष्कळसे सामने त्यांच्यापायीच हातचे जातात, आणि दोष मात्र भलत्याच्याच माथी बसतो.

सामना गोलशून्य असतो तोपर्यंत दोन्ही संघांना काही तरी मिळवावयाचे असते. एका बाजूने गोल झाला की स्थिती एकदम पालटते. मागे पडलेल्या संघाला मिळवावयाचे शिल्लक राहते. पुढे गेलेल्या संघाला मात्र आता गमवावयाचे नसते. दोन गोलांची आघाडी असली तर एक गेला तरी दुसरा हाती राहतो, म्हणून पाय मोकळे राहतात. एकाच गोलाची आघाडी म्हणजे मोडक्या कडीच्या डब्यातून दूध नेण्यासारखे. माणूस रस्त्याकडे पाहावयाचे सोडून डब्याकडेच पाहू लागतो.

मग काय होते ते पाहा. कोणी आज्ञा केलेली नसते. तथापि सेंटर फॉरवर्ड मदतीच्या भावनेने दहा पावले मागे येतो. तो मागे आला म्हणून हाफबॅक मागे सरतात. त्यांच्या पाठीला पाठ लागू नये म्हणून फुलबॅक आणखी मागे जातात, आणि पाच मिनिटांत आमचे दहाही गडी आपल्याच गोलापुढे वीस पावलांच्या पट्ट्यात गोळा होतात. पाहणाऱ्यास ही तटबंदी मोठी भक्कम दिसते. आम्ही त्या तटबंदीत उभे राहिलेले आहोत. ती आतून कशी असते ते आम्हास ठाऊक आहे.

पहिली गोष्ट ऑफसाईडची. हा नियम बचाव करणाऱ्यांचा जुना मित्र आहे. चेंडू सोडला जातो त्या क्षणी पुढच्या गड्याच्या व गोलरेषेच्या मध्ये पूर्वी प्रतिपक्षाचे तीन गडी असावे लागत. १९२५ साली तीनांचे दोन झाले, तेव्हा या मित्राचा आधार थोडा कमी झाला, पण तो नाहीसा झाला नाही. मात्र हा मित्र आमची शेवटची फळी जेथे उभी असेल तेथेच उभा राहतो. फळी मध्यरेषेपासून पंधरा पावलांवर असली तर शत्रूलाही तेथेच थांबावे लागते. फळी पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत मागे आली की शत्रूचे तीन उंच गडी आमच्या गोलकीपरच्या नाकासमोर येऊन उभे राहतात, आणि पंचांना त्यांस काहीही म्हणता येत नाही. बिचाऱ्या गोलकीपरला मग चेंडू दिसत नाही; आपल्या आणि परक्या पाठी तेवढ्या दिसतात. त्या गर्दीत एखाद्याच्या पोटरीला लागून दिशा बदललेला चेंडू जगातला कोणताही गोलकीपर अडवू शकत नाही.

दुसरी गोष्ट चेंडू दूर मारण्याची. फुलबॅकने जिवाच्या करारावर चेंडू दूर भिरकावला की कडेचे लोक टाळ्या वाजवितात. पण तो जातो कोणाकडे? पुढे आपला कोणीही नाही. चेंडू प्रतिपक्षाच्या फुलबॅकच्या पायाशी अलगद जातो आणि दहा सेकंदांत परत येतो. भिंतीवर चेंडू मारीत बसलेल्या मुलासारखी आमची गत होते. फरक इतकाच की येथे प्रत्येक खेपेस भिंत एक पाऊल पुढे सरकते. घाईत मारलेला चेंडू गोलरेषेबाहेर गेला तर कॉर्नर. आणि कॉर्नरची किंमत काय असते ते १९९९ सालच्या मे महिन्यात बार्सेलोना शहरी बायर्न म्युनिकला कळले. युरोपच्या अंतिम सामन्यात सहाव्या मिनिटापासून एका गोलाने पुढे असलेला तो संघ, नव्वद मिनिटे संपल्यावर भरून दिलेल्या वेळात मँचेस्टर युनायटेडच्या दोन कॉर्नरांवरून दोन गोल खाऊन हरला. त्या दिवशी बायर्न केवळ बचाव करीत बसले होते असे म्हणता येणार नाही. उत्तरार्धात त्यांचा एक चेंडू खांबावर व एक आडव्या दांडीवर आदळला होता. तरीही कॉर्नर तो कॉर्नरच.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि ती आम्ही मुलांना नेहमी सांगतो. आपला एकच गडी मध्यरेषेपाशी ठेवला तर प्रतिपक्षाला त्याच्यापाशी दोन गडी ठेवावे लागतात, कारण एकाच्या भरवशावर आपला गोल मोकळा सोडण्याचे धाडस कोणी करीत नाही. म्हणजे आपण एक खर्च करतो आणि त्यांचे दोन बांधून ठेवतो. तोच गडी मागे बोलावला की ते दोघेही मोकळे होतात व आमच्या अंगावर चालून येतात. तटावर एक माणूस वाढला आणि तटाखाली दोन वाढले. यात फायदा कोणाचा झाला?

युरोपात या मागे येण्याचे रीतसर शास्त्रच बनविले गेले. १९३० नंतरच्या दशकात कार्ल रापान या ऑस्ट्रियन गृहस्थांनी स्वित्झर्लंडमध्ये बचावाची एक पद्धत बसविली, तिला फ्रेंच भाषेत कडी या अर्थाचे नाव पडले. पुढे इटलीत तीच कल्पना वाढली व ‘कातेनाच्चो’ म्हणजे दाराचा अडसर या नावाने जगभर गाजली. बचावाच्या फळीतील प्रत्येकाने आपापला प्रतिस्पर्धी धरावा आणि त्या फळीच्याही मागे एक मोकळा गडी ठेवावा. त्याने कोणा एकाच्या पाठीस न लागता, जेथे भगदाड पडेल तेथे धावावे, असा तिचा गाभा होता. हेलेनिओ हेरेरा यांच्या हाताखाली मिलान शहरच्या इंटर संघाने १९६४ व १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपचा चषक याच बळावर जिंकला. एक गोल करावा आणि अडसर लावून घ्यावा, अशी त्यांची कीर्ती झाली. ती कीर्ती पुरती खरी नाही. त्यांचा डावा फुलबॅक फाकेत्ती पुढे धावून गोल करण्याबद्दल प्रसिद्ध होता, आणि आम्ही स्वतः डावे फुलबॅक असल्यामुळे ही गोष्ट मुद्दाम नमूद करून ठेवतो.

या अडसराची कसोटी २५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे लागली. अंतिम सामन्यात इंटरपुढे स्कॉटलंडचा सेल्टिक संघ होता. त्याचे सर्व खेळाडू ग्लासगो शहराच्या तीस मैलांच्या आत जन्मलेले. सातव्या मिनिटास मात्झोलाने पेनल्टीवर गोल केला आणि इंटरने दार लावून घेतले. उरली त्र्याऐंशी मिनिटे. चेंडू पुढे घेऊन जाणारा त्यांचा मोठा खेळाडू सुआरेझ जायबंदी असल्यामुळे त्या दिवशी नव्हता. त्यामुळे आतून मारलेला चेंडू बाहेर टिकेना. सार्ती या गोलकीपरने एकामागून एक चेंडू अडविले, सेल्टिकचे दोन आडव्या दांडीवर आदळले. पण पुढे राखण करण्यास इटलीचे कोणी उरले नाही म्हणून स्कॉटलंडचे बचावपटू निर्धास्त होऊन वर आले. ६३व्या मिनिटास उजवा फुलबॅक क्रेग याने चेंडू आडवा दिला आणि डावा फुलबॅक जेमेल याने धावत येऊन तो जाळ्यात मारला. एका फुलबॅकने द्यावा व दुसऱ्याने मारावा! दोघांनाही आपापल्या जागी थांबण्याचे काही कारणच उरले नव्हते. सामना संपावयास सहाएक मिनिटे असता मर्डोकने दुरून मारलेल्या चेंडूला गोलापुढील गर्दीत चामर्सने पाय लावून दिशा दिली, आणि सेल्टिक दोन विरुद्ध एक असा जिंकला. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टींपैकी दोन या एकाच सामन्यात उभ्या आहेत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाही तर आमच्यावर फुलबॅकांचा द्रोह केल्याचा आरोप येईल. त्याच इंटर संघाने २८ एप्रिल २०१० रोजी बार्सेलोनाच्या मैदानावर अडसर लावून दाखविला. पहिल्या सामन्यात ते तीन विरुद्ध एक असे जिंकले होते. या दुसऱ्यात अठ्ठाविसाव्या मिनिटास त्यांचा एक गडी पंचांनी बाहेर काढला, आणि उरलेला सगळा वेळ दहा जणांनी जगातील सर्वोत्तम समजल्या जाणाऱ्या आक्रमणाला तोंड दिले. एटो हा नामांकित गोल करणारा खेळाडू, तोही त्या दिवशी फुलबॅकसारखा राबला. ८४व्या मिनिटास एक गोल झाला, तथापि एकूण हिशेबात इंटर पुढेच राहिले. असे खेळणे ही साधी गोष्ट नव्हे. पण त्यांच्यापाशी दोन गोलांची पुंजी होती हे विसरू नये. एक गेला तरी चालण्यासारखे होते, आणि एकच गेला.

आता आमच्या घरची हकिकत. गेल्या पावसाळ्यात आंतरशालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात आमच्या मुलांनी पूर्वार्धातच एक गोल चढविला. मैदान चिखलाचे होते, एका कोपऱ्यात घोटाभर पाणी साचलेले. उत्तरार्धात नेहमीप्रमाणे ‘मागे या’ सुरू झाले आणि मुले आज्ञाधारक असल्यामुळे मागे आली. शेवटची काही मिनिटे उरली असता आमच्या उजव्या फुलबॅकच्या नडगीवर प्रतिपक्षाच्या एका मुलाचा बूट जोरात लागला. मुलगा नववीतला. तो खाली बसला. लगेच आमच्या बाजूने चारपाच आवाज उठले, ‘‘पडून राहा! उठू नकोस!’’ ओरडणारे आमचेच होते, हितचिंतकच होते. मुलाने एकदा त्यांच्याकडे पाहिले, नडगी चोळली, आणि तो उठला. पंचांनी विचारले तेव्हा त्याने नुसती मान हलविली. खेळ पुढे सुरू झाला. तो किंचित लंगडत होता. पुढच्याच दोनतीन मिनिटांत त्याच्याच बाजूने चेंडू आत आला आणि बरोबरी झाली. नंतर पेनल्टींवर आम्ही हरलो.

हरणे जिंकणे चालावयाचेच. पण त्यानंतर जे झाले त्याने आम्ही अस्वस्थ झालो. कपडे बदलण्याच्या खोलीत त्या मुलाशी कोणी बोलेना. बूट सोडता सोडता एकाने ऐकू जाईल इतक्या बेताने म्हटले, ‘‘दोन मिनिटं पडला असता तर काय बिघडलं असतं?’’ पुढे आठवडाभर मधल्या सुट्टीत तो एकटाच डबा खाताना दिसे. एकदा आम्ही त्याला बाजूला घेऊन विचारले, ‘‘अरे, तुला खरंच लागलं होतं ना?’’ तो म्हणाला, ‘‘लागलं होतं, सर. पण उठता येत होतं.’’

या उत्तरावर आम्हास काही बोलावयास सुचले नाही. लागले नसता लागल्याचे सोंग करणे हे वाईट, एवढे सर्वांस मान्य आहे. येथे लागलेले होते. तो आणखी दोन मिनिटे पडून राहता तर त्यास खोटे बोलला असे कोणीही म्हटले नसते. पंच थांबले असते, प्रतिपक्षाचा जोर ओसरला असता, आमच्या मुलांना दम घेता आला असता. हे सर्व त्याला त्या क्षणी समजत होते. आणि तरीही, उठता येते तर उठावे, इतका साधा हिशेब त्याने केला. त्याची किंमत संघाला पडली असेल की नाही? पडली असेल. आम्ही ते नाकारीत नाही. चांगले वागल्यावर त्याचा मोबदला लगेच हाती पडतो असे मुलांना सांगणे हीदेखील एक प्रकारची लबाडीच आहे.

इतिहासाच्या तासाला हा विषय अकस्मात निघाला. १६६० सालची पन्हाळ्याची हकिकत चालली होती. संघाचा कप्तान उभा राहून म्हणाला, ‘‘सर, बाजीप्रभूंनीसुद्धा खिंडीत वेळच काढला ना?’’ वर्गात हशा पिकला. पण प्रश्न दिसला तितका पोरकट नव्हता. आम्ही म्हणालो, होय, वेळच काढला. महाराज विशाळगडी पोहोचेपर्यंतचा वेळ हाच तर त्यांना हवा होता. परंतु तो वेळ त्यांनी वाटेत उभे राहून काढला. समोरच्याला काय चालले आहे ते दिसत होते, आणि ते मोडून काढण्याची संधीही त्याला क्षणोक्षणी मिळत होती. आमच्या खेळातही हाच भेद करावा असे आम्हास वाटते. एखादा गडी चेंडू घेऊन कोपऱ्यातल्या निशाणापाशी जातो आणि पाठ करून तो अंगाआड राखतो. प्रतिपक्षाला राग येतो, पण चेंडू तेथेच आहे, हिंमत असेल त्याने काढून घ्यावा. आपसांत दहा वेळा चेंडू फिरवून शत्रूला धावावयास लावणे हेही तसेच. मात्र मैदानावर आडव्या पडलेल्या गड्यापासून वेळ काढून घेण्याचा कोणताही उपाय प्रतिपक्षाच्या पायांत नसतो. जे पायांनी मोडता येते ते डावपेच. बाकीच्याला आम्ही निराळे नाव देतो, आणि ते नाव वर्गात घेत नाही.

त्यानंतर आम्ही आमची वही काढली. सामना पाहताना खुणा करून ठेवण्याची आम्हास जुनी खोड आहे. घरी तिची थट्टा होते. फळ्यावर लिहून दाखविले: शेवटच्या दहा मिनिटांत आपण चेंडू चौदा वेळा दूर मारला, त्यांपैकी तो आपल्या गड्याला दोनदा मिळाला, बारा वेळा प्रतिपक्षाला. बरोबरीच्या गोलाचा चेंडू ज्याने आमच्या उजव्या बाजूने आत आणला तो त्यांचा विंगर नव्हे, फुलबॅक होता. तो तेथवर आला कसा? त्याने राखावे असे कोणी पुढे नव्हतेच. त्या वेळी आमचा सेंटर फॉरवर्ड कोठे होता, असे आम्ही विचारले. सेंटर फॉरवर्ड पहिल्याच बाकावर बसला होता. तो म्हणाला, ‘‘आपल्याच गोलात, सर.’’

फळ्यावरची आकडेमोड पाहून वर्ग विरघळला वगैरे काही झाले नाही. मुले मुकाट्याने वह्या आवरून गेली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सेंटर फॉरवर्ड आपला डबा घेऊन त्या फुलबॅकच्या बाकावर जाऊन बसलेला दिसला. त्यांचे काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही.

वेळकाढूपणाचा रोग मोठ्यांच्या खेळातलाच, मुलांनी तो तेथूनच उचलला. नियम करणाऱ्यांनी त्याच्यामागे धावून धावून पाय दुखवून घेतले आहेत. पूर्वी आघाडीचा संघ चेंडू आपल्या गोलकीपरकडे मागे देई, तो हातात घेई, पुन्हा देई, पुन्हा घेई. १९९२ साली, गड्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हाती घेऊ नये असे ठरले. बदली होणारा खेळाडू लांबच्या टोकाहून रमतगमत चालत येई. २०१९ पासून त्याने जवळच्याच रेषेवरून बाहेर पडावे असे ठरले. २०२२ सालच्या कतारमधील जागतिक स्पर्धेत पंचांनी वाया गेलेला वेळ इतक्या काटेकोरपणे भरून दिला की पुष्कळ सामने शंभर मिनिटांच्या घरात गेले. आणि गोलकीपरने आठ सेकंदांहून अधिक वेळ चेंडू हातात ठेवल्यास प्रतिपक्षाला कॉर्नर द्यावा, हा नियम २०२५ साली आला. आपली कबड्डी या बाबतीत जास्त शहाणी म्हणावयाची. पुढे असलेल्या संघाचा चढाईपटू निदान रेषा ओलांडून नुसताच परत येऊ लागला, तेव्हा प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण घेतलाच पाहिजे, नाही तर बाद, असे बंधन घातले गेले. फुटबॉलात असे काही घालता येणार नाही. तेथे ज्याची त्यानेच लाज राखावयाची.

आमच्या देशाच्या फुटबॉलातही एका गोलाच्या राखणीची मोठी कथा आहे, आणि ‘मैदान’ हा २०२४ सालचा चित्रपट पाहिलेल्या मुलांना तिचा शेवट ठाऊक आहे. पण आरंभ फारसा कोणी सांगत नाही. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल केला. ही आघाडी काही मिनिटेच टिकली. सामना चार विरुद्ध एक असा गेला. १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध प्रदीपकुमार बॅनर्जीने गोल केला; ही राखण दहाएक मिनिटे चालली आणि सामना संपावयास थोडा वेळ उरला असता बरोबरी झाली. दोन्ही वेळा प्रशिक्षक तेच होते, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने मूळचे शिक्षक.

१९६२ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला दोन गोलांनी हरविले. पुढे जरनैल सिंग या बलदंड बचावपटूच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला बसवून ठेवले नाही, आणि मागेही ठेवले नाही. त्याला सेंटर फॉरवर्ड केले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारत दोन गोलांनी पुढे गेला, ते दोन्ही फिटले, आणि शेवटी कप्तान चुनी गोस्वामीच्या गोलाने तीन विरुद्ध दोन असा निभाव लागला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया. इस्रायल व तैवान यांना स्पर्धेत प्रवेश नाकारल्याबद्दल भारताच्या गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता, म्हणून सुमारे लाखभर प्रेक्षक भारताविरुद्ध ओरडत होते. बॅनर्जी व जरनैल यांनी पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल केले. ८५व्या मिनिटास कोरियाने एक फेडला.

दोनाची आघाडी एकावर आली आणि पाच मिनिटे उरली. याहून वाईट वेळ राखणदाराला नाही; आलेला गोल ताजा असतो, शत्रूच्या अंगात वारे शिरलेले असते, आणि येथे तर सारे प्रेक्षागृह त्याच्या बाजूचे. गोलात उंचपुरा थंगराज. मध्ये गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको, ज्याचे नाव आजच्या मुलांना सांगावे लागते. मागे अरुण घोष व त्याचे सोबती. आणि पुढे, ज्याचा जन्म बचाव करण्यात गेला तो डोक्याला टाके पडलेला जरनैल. पाच मिनिटे सरली आणि भारत दोन विरुद्ध एक असा जिंकला. रोमला आठ मिनिटे कमी पडलेले अनेक पाय येथे तेच होते. मेलबर्न आणि रोम येथे जे गेले त्याचे शिक्षण जाकार्ताला कामी आले असे आम्ही धरून चालतो, एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाविषयी धरावे तसे. रहीमसाहेब कर्करोगाने १९६३ साली वारले. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारतास त्यानंतर मिळालेले नाही.

या जूनपासून आमच्या पटांगणावर दर शनिवारी सरावाच्या शेवटी दहा मिनिटांचा एक खेळ ठेवला आहे. एक पक्ष एका गोलाने पुढे आहे असे धरावयाचे. दुसऱ्या पक्षाला दोन गडी जास्त. पुढे असलेल्या पक्षाने आपला एक गडी मध्यरेषेपाशी ठेवलाच पाहिजे, आणि चेंडू दूर मारावयाचा तर तो ज्या बाजूस असेल त्या बाजूच्या कडेने मारावयाचा, मधोमध नाही. वडाखालच्या डबक्यातून गोलकीपरकडे चेंडू मागे देण्यास मनाई आहे; तेथे तो हमखास थांबतो आणि दुसराच कोणी तरी येऊन घेऊन जातो. कोणी पडला तर त्याला स्वतः उठता येते की नाही हे आम्ही विचारतो, आणि जे उत्तर मिळते त्यावर विश्वास ठेवतो. पहिले तीन शनिवार मागचा पक्षच जिंकला. चौथ्या शनिवारी जोराचा पाऊस होता, आघाडी आठ मिनिटे टिकली होती, आणि मध्यरेषेवर एकटा ठेवलेला मुलगा भिजून कुडकुडत आमच्याकडे वळून ओरडला, ‘‘सर, मी इथे नुसताच उभा आहे!’’ आम्ही छत्रीच्या टोकाने त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतेच उभे असलेले प्रतिपक्षाचे दोन गडी दाखविले. त्याने एकाकडे पाहिले, दुसऱ्याकडे पाहिले, आणि तो तेथेच पाय आपटीत उभा राहिला.